नक्षीबाहेरची गुलबक्षी

अकरा बाय चौदा फुटांची जागा,
दारासमोर, विडी घरकुलात.
तिला अंगण म्हणायची वीस वर्षं लाजच वाटली.
सुताचे फुटके कोन, सिमेंटची पोती,
बेशरमाची दोन झुडपं,
आणि ताडपत्रीखाली ह्यांची लुना,
चाकं मातीत रुतलेली,
सीटमध्ये उंदरांचा संसार.

छातीनं ह्यांना लूमवरून घरी बसवलं.
सत्तावीस वर्षं कापसाची तूस आत जात राहिली,
ती आता दोन पायऱ्यांनाही धाप लावते.
दिवसभर खुर्चीत, तोंड दाराकडं.
पानं कापता कापता मी म्हटलं,
बघतच बसायचंय,
तर बघण्यासारखं काहीतरी असू दे की ओ.

भंगारवाला म्हणाला, सातशे.
म्हटलं, बाबा, हिच्यावर बसून मी
दोन बाळंतपणांना सिव्हिलला गेलेय.
अकराशे पन्नासला ठरलं.
हातगाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत
हे भिंतीकडं तोंड करून बसले.

अकराशे पन्नासात काय येतं?
पुष्कळ येतं, मागायची लाज सोडली तर.
फरशीवाल्याच्या मागं शहाबादीचे तुकडे फुकट,
फक्त रिक्षाचे अडीचशे.
कुणाच्या घराचा पाया खणून
ट्रॅक्टर काळी माती टाकायला निघालेला,
ड्रायव्हर दोन कप चहावर वळला.
शेणखत शंभरला पोतं.
शरणव्वानं जास्वंदीची फांदी दिली,
आधी दोन कानडी शिव्या, मग फांदी.
मेहरुन्निसानं पुदिना दिला, वर बजावलं,
‘पानी कम डाल, बातां जास्ती कर.’
सदाफुली नालीच्या कडेची,
तिचं कोण पैसे मागणार?

तिसऱ्या दिवशी हे उठले.
ट्रंकेतून चौकटीचा कागद काढला,
जकार्डच्या नक्षीचा,
लाल पेन्सिलीनं एकेक घर भरलेला.
‘फरशी अशी कुठंही टाकतात का?
चादरीला आधी काठ असतो.’
मग खुर्चीतून हुकूम:
दोन घरं सोड. आता एक भर. डावीकडं. नाही, तुझ्या डावीकडं.
मी कुदळ घेऊन त्या कागदावर चालत होते.
फुटके कोन उलटे रोवले, तो काठ झाला.

पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
झाडांच्या वाट्याला तांदळाचं, भांड्यांचं,
कूलरच्या तळाशी उरलेलं कोमट.
एप्रिलात जास्वंदीची काडी राहिली.
पुदिना कुणाच्यातरी शेळीनं खाल्ला.
सदाफुलीला मात्र काही कळतच नव्हतं,
भर दुपारी नटून उभी.

आणि जुलैत, वाटेच्या ऐन मध्ये,
दोन फरश्यांच्या फटीतून
गुलबक्षी वर आली.
कुणी लावली नव्हती. कागदावर नव्हती.
मी खुरपं घेतलं.
एक धागा तुटला तर लूम थांबवणारा हा माणूस,
अर्ध्या इंचाच्या डागापायी
ज्यानं आठवड्याचा पगार सोडलेला,
त्याला हे कसं चालायचं?

हे स्वतः उतरले.
एक पायरी. भिंत. श्वास. दुसरी पायरी.
कितीतरी वेळ खाली बघत उभे.
‘राहू दे तिला,’ म्हणाले,
‘इथं लुनाचं मागचं चाक होतं.’

आता माझीच वाट वाकडी झालीय.
विड्यांची टोपली डोक्यावर घेऊन
मी तिला वळसा घालते,
तरी पदर अडकतोच.
संध्याकाळी ती उघडते,
पूर्वी पाळी सुटायची, त्या सुमाराला.
कारखान्यातून मी परत येते
तर खुर्ची बाहेर, हे खुर्चीत.
आज किती विड्या घेतल्या, किती छाटून टाकल्या,
ते विचारत नाहीत.
‘नऊ,’ म्हणतात.
‘काल सातच होत्या.’